नाथसागर, वेरूळ आणि माळेगावची यात्रा: ७० हजारांत कॅमेरा कोणता घ्यावा आणि धुळीत कसा टिकवावा

प्रश्न थोडक्यात असा. राहणं लातूरला, फोटोची हौस जुनी, पण आजवर सगळं मोबाईलवर. आता ७० हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. काढायचंय ते तीन प्रकारचं: हिवाळ्यात नाथसागरावरचे (पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावरचे) पक्षी, वेरूळ-अजिंठ्याची लेणी आणि माळेगावसारख्या यात्रा. दुकानदार म्हणतो नवा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) किट लेन्ससकट, म्हणजे सोबत मिळणाऱ्या साध्या लेन्ससकट घ्या. मित्र म्हणतो लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाकडून जुना फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) उचला. ऐकावं कुणाचं?

दोघांचंही ऐकू नका. ७० हजारांत नवा मिररलेस घेतला की बहुतेक पैसे बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) आणि किट लेन्समध्ये जातात, आणि पक्ष्यांसाठी लागणारी लांब लेन्स ‘पुढच्या वर्षी’वर ढकलली जाते. फुल फ्रेमचं उलटं असतं. बॉडी स्वस्तात मिळते, पण तिला शोभेल अशी लांब लेन्स बॉडीपेक्षा महाग पडते. शिवाय पक्षी लांब असेल तर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर त्याच लेन्सने तो २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरपेक्षा (फुल फ्रेमहून लहान सेन्सरपेक्षा) लहान येतो, म्हणजे उंचीला जेमतेम दोन तृतीयांश पिक्सेल मिळतात.

तुमच्या तिन्ही कामांना जुना, पण मधल्या श्रेणीतला क्रॉप सेन्सर डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) पुरतो. निकॉनचा डी७२०० (२०१५) किंवा कॅननचा ८०डी (२०१६). दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्हींना दोन फिरत्या चकत्या, दोन्हींत लेन्सचा फोकस मागेपुढे असेल तर तो मेनूतून बारीक जुळवता येतो. ही शेवटची सोय डी५६०० किंवा २००डी मध्ये नाही, आणि जुन्या लेन्स घेणाऱ्याला तिची गरज पडतेच. बॅटरीचंही बघा: डी७२०० ची अधिकृत मोजणी एका चार्जवर १११० फोटो, ८०डी ची ९६०. पहाटे निघून रात्री परत यायचं आणि मध्ये कुठे चार्जिंग नाही, अशा दिवसांत हा आकडा मेगापिक्सेलपेक्षा कामाचा. नव्या मिररलेसचा पक्ष्याच्या डोळ्यावर चिकटणारा फोकस खरोखर भारी आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचा फायदा उठवायला लेन्सही तशी हवी, आणि ती या पैशांत बसत नाही.

पैशांची वाटणी अशी करा: निम्म्याच्या आत बॉडी, साधारण पाचवा हिस्सा लांब लेन्स, सातवा-आठवा हिस्सा एफ १.८ ची छोटी लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो), आणि उरलेल्यात तिवई, कार्ड, हवाबंद डबा, ब्लोअर (धूळ उडवायचा हवेचा रबरी फुगा). १८-५५ मिमीची किट लेन्स बॉडीसोबत मिळाली तर उत्तम. ती ठेवा, लेण्यांत लागते.

लेन्सच्या नावात फसगत फार होते. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० दोन प्रकारांत येते, एकीच्या नावात व्हीआर आहे आणि दुसरीच्या नाही. बाकी नाव तेच. व्हीआरवालीच घ्या. ३०० मिमीवर, म्हणजे लेन्स पूर्ण लांब केल्यावर, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी ही यंत्रणा (व्हीआर) नसेल तर ऊन उतरल्यावर फोटो हलतात. ही लेन्स डी९० किंवा डी३१०० सारख्या जुन्या बॉडीवर आपोआप फोकस करत नाही, म्हणून मित्राच्या बॉडीवर लावून ‘खराब आहे’ असा निकाल देऊ नका. उलट डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडींत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी ५० मिमी एफ १.८ डी लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस करावी लागते. डी७२०० मध्ये मोटर आहे. कॅनन घेतलात तर ५५-२५० ची एसटीएम आवृत्ती बघा. त्याच लेन्सच्या आधीच्या आवृत्त्या सावकाश आणि मऊ आहेत. ७५-३०० किटमध्ये फुकट मिळाल्यासारखी वाटते, पण तिला स्थिरीकरण नाही. ती नको.

आता ३०० मिमीत नेमकं काय मिळतं ते आधी कागदावर मांडा, म्हणजे नंतर हिरमोड होत नाही. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) साधारण १.३ मीटर उंच. तो १०० मीटरवर उभा असेल तर ३०० मिमी लेन्समधून सेन्सरवर त्याची उंची पडते ३.९ मिमी. क्रॉप सेन्सरची उंची १५.६ मिमी, म्हणजे रोहित चौकटीच्या पाव भागात, हजारएक पिक्सेल उंच. थव्याचा फोटो सुंदर येईल, एकट्याचं चित्र कापूनच काढावं लागेल. शेकाट्या पक्षी ३८ सेंटिमीटरच्या आसपास, तो तेवढाच दिसायला ३० मीटरवर यावा लागतो. ६०० मिमीची लेन्स घेतली तरी आकार फक्त दुप्पट होतो. तेच काम पाण्याकडेला गुडघ्यावर बसून, हळूहळू सरकत अंतर निम्मं केल्याने होतं. पक्ष्यांनी मान वर केली की थांबायचं, पुन्हा चरायला लागले की सरकायचं. उडवून लावलेल्या थव्याचे फोटो पाठमोरेच येतात.

नाथसागराच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज फोटो मऊ येण्याचा आहे. पाणी उतरलं की काठाला गाळपेराची काळी जमीन उघडी पडते. हिवाळ्यातसुद्धा नऊ-साडेनऊनंतर ती तापते, जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि १०० मीटरवरचा पक्षी पाण्याखालून बघावा तसा दिसतो. याला लेन्स काही करू शकत नाही. लाखभराची लेन्सही तोच थरथराट मोठा करून दाखवेल. दोष कुणाचा हे ओळखायला एकाच बसलेल्या पक्ष्याचे लागोपाठ दहा फोटो घ्या आणि स्क्रीनवर मोठे करून बघा. प्रत्येकात कडा वेगळ्या वाकल्या असतील, एखादा बरा आणि बाकीचे वाईट असतील, तर हवा. दहाही सारखेच मऊ असतील आणि पक्ष्यापुढचं किंवा मागचं गवत मात्र स्पष्ट असेल, तर फोकस. सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील, तर हात किंवा शटर. हवा असेल तर उपाय दोनच: सूर्योदयाला काठावर असणं आणि जवळ जाणं. गाडीच्या खिडकीतून काढत असाल तर इंजिन बंद करा आणि काच पूर्ण खाली घ्या. तापलेल्या बॉनेटवरची हवाही हाच खेळ करते.

शटर बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतो, उडत्याला १/१६०० च्या खाली जाऊ नका. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० लावा. पांढऱ्या पक्ष्याला एक्स्पोजर वाढवायचं की कमी करायचं हा वाद उगाच चालतो. ते पक्षी चौकटीत किती मोठा आहे यावर ठरतं. थवा चौकट भरून असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजरच्या भरपाईत +२/३ द्या. गडद पाण्यात एकटा लहान रोहित असेल तर कॅमेरा पाण्याकडे बघून उजेड वाढवतो आणि पक्ष्याची पिसं जळतात, तेव्हा -२/३. शंका असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा आणि हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू देऊ नका.

लेण्यांचं गणित निराळं. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, हे आधी लक्षात ठेवा. लांबून जाणाऱ्यांचा दिवस इथेच वाया जातो. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही आणि तिवई दोन्हीकडे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय लावू देत नाहीत. तेव्हा हातातच काढायचं, हे धरून लेन्स निवडायची. किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ पर्यंतच उघडते, ३५ मिमी एफ १.८ तिच्यापेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे किट लेन्सला आयएसओ ६४०० लागेल तिथे हिला ६४०. भित्तिचित्राच्या रंगांत हा फरक लगेच दिसतो, कारण आयएसओ वाढला की आधी गेरू आणि हिरव्यातले बारीक टप्पे जातात. तीन मीटरवरून एफ १.८ ला फोकसची खोली अर्धा मीटरच्या आसपास असते. भिंतीला ती पुरते, फक्त कॅमेरा भिंतीला समांतर धरा, नाहीतर एक कोपरा मऊ येतो. मूर्तीला एफ २.८ वर या.

भिंतीला किंवा खांबाला टेकू नका, ते रंगांसाठी घातक आणि रखवालदार ओरडेल ते वेगळंच. कोपरं बरगड्यांना लावा, श्वास अर्धा सोडा आणि तीन-चार फोटोंची झड घ्या. पहिला आणि शेवटचा बटण दाबण्या-सोडण्याने हलतो, मधला बहुतेक वेळा स्थिर निघतो. लेणीभर दृश्य हवं असेल तर १८-५५ ला १८ मिमीवर, एफ ३.५, स्थिरीकरण चालू, १/१५ पर्यंत जमतं. आतले दिवे एलईडी असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि भलत्या शटरवर चौकटीत आडवे पट्टे येतात. मिररलेस असेल तर सायलेंट शटर तिथे बंदच ठेवा. पिवळा उजेड नंतर कॉम्प्युटरवर सुधारेल म्हणून रॉ काढा. पण एक फोटो साध्या पांढऱ्या कागदाचाही त्याच उजेडात घेऊन ठेवा, म्हणजे नंतर रंग अंदाजाने लावावे लागत नाहीत.

कैलास लेण्याला मात्र मोठी लेन्स, लहान लेन्स यापेक्षा वेळ महत्त्वाची. वेरूळच्या लेण्यांचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी दर्शनी भाग डोंगराच्या सावलीत असतो आणि दुपारनंतर ऊन समोरून येतं. दहाव्या लेण्यातही उजेड दुपारनंतरचाच चांगला. काळा बेसॉल्ट चौकट भरून असला की कॅमेरा तो राखाडी करायला बघतो, दगड धुतल्यासारखा फिका पडतो आणि आभाळ पांढरं होतं. -२/३ ते -१ वर ठेवा. खोल चौकात सावली आणि वर ऊन असं असेल तर -२, ०, +२ असे तीन फोटो एका जागेवरून घ्या आणि नंतर जोडा. वरच्या कड्यावरून एकदा बघायला विसरू नका, अख्खं देऊळ वरून खाली कोरलंय हे तिथूनच कळतं.

लग्नसराईत राबलेली बॉडी घेताना दिसण्यावर जाऊ नका. डी७२०० चं शटर दीड लाख उघडझापीसाठी तपासलेलं असतं, ८०डी चं एक लाख, आणि लग्नाच्या कामातल्या बॉडीवर हे आकडे पार झालेले सहज सापडतात. निकॉनमध्ये ही मोजणी फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेली असते, एक ताजा मूळ फोटो घेऊन एक्झिफ (फाइलमध्ये साठवलेली फोटोची माहिती) दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. कॅननमध्ये सहसा बॉडी केबलने कॉम्प्युटरला जोडून वाचावी लागते, म्हणून लॅपटॉप घेऊनच जा. नंतर झाकण लावून, आयएसओ १०० वर ३० सेकंदांचा एक फोटो घ्या. लाल-निळे ठिपके मोजके असतील तर चालेल, आभाळभर चांदणं असेल तर सोडा. बिलावरचा अनुक्रमांक आणि बॉडीच्या बुडावरचा जुळतो का ते बघा. बॅटरी खोबणीत अडकत असेल तर ती फुगलेली आहे. ती लगेच बदला, चार्जरला लावूच नका.

लेन्स तपासायला मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका टाकून पुढून बघा. धुळीचे दोन-चार कण सगळ्याच जुन्या लेन्समध्ये असतात, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. पुसली तरी काचेवरचा थर खरवडलेला राहतो. मग वर्तमानपत्राचं एक पान भिंतीला सपाट चिकटवून, समोर समांतर उभं राहून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा विरघळलेला असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

आता आपल्या भागाचा खरा शत्रू, धूळ. माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेत धुळीसोबत भंडाराही उधळला जातो. हळदीची पूड फार बारीक असते, आणि लांब-आखूड होणारी झूम लेन्स प्रत्येक फिरवण्याला भात्यासारखी हवा आत ओढते. त्या हवेबरोबर भंडाराही आत जातो. घामाचा हात लागला की तो डाग धरतो, तो रबरी ग्रिपमधून सहसा निघत नाही. यात्रेत लेन्स बदलायचीच नाही, १८-५५ लावूनच जा. जाड पारदर्शक पिशवीच्या बुडाला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडा आणि कडा हूडभोवती (लेन्सच्या तोंडावरच्या प्लास्टिकच्या कड्याभोवती) दोन रबरबँडने आवळा. हात मागून आत घाला. यूव्ही फिल्टरवर एरवी पैसे घालवू नयेत या मताचा मी आहे, पण भंडाऱ्यात आणि रंगात तो हवाच. एफ ८, १/५००, ऑटो आयएसओ लावून घोडे-उंटांच्या बाजारात निवांत फिरा.

परत आल्यावर घाईने झूम आत घेऊ नका. ती पुढे असेल तशीच ठेवून आधी मऊ कोरड्या ब्रशने बाहेरची नळी झटका, मग लेन्स खाली तोंड करून ब्लोअर मारा, नळी किंचित ओल्या कपड्याने पुसा आणि सुकल्यावरच आत घ्या. पिवळी नळी तशीच आत गेली की पुढच्या वेळी तो भंडारा काचेच्या मागच्या बाजूला सापडतो. काच शर्टाने किंवा उपरण्याने कधीही पुसू नका, आपल्या मातीत काचेला ओरखडा पाडणारी बारीक वाळू असते. तोंडाने फुंकणंही नको, थुंकीचे थेंब जातात.

सेन्सरवर धूळ आली का हे बघायला एफ १६, आयएसओ १००, फोकस मुद्दाम बिघडवून निरभ्र आभाळाचा फोटो घ्या. काळे ठिपके दिसतील. सेन्सरवर चित्र उलटं पडतं, त्यामुळे फोटोत वर डावीकडे दिसणारा ठिपका समोरून बघताना सेन्सरच्या खाली डावीकडे असतो. मेनूतून आरसा वर उचला, बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, बॉडी खाली तोंड करून ब्लोअरचे दहा-बारा झटके द्या. नाहीच निघाला तर १६ मिमी रुंदीचा स्वॉब (सेन्सर पुसायची मऊ पट्टी), त्यावर दोन थेंब द्रव, एका कडेकडून दुसरीकडे एकच फेरा, स्वॉब उलटून परतीचा एक फेरा, आणि तो स्वॉब टाकून द्या. तोच पुन्हा फिरवला तर धूळ रगडली जाते. डबाबंद हवेचा फवारा सेन्सरवर मारू नका, त्यातला द्रव गोठून डाग पडतो.

बुरशीचं आपल्याकडे एक वेगळंच आहे. मराठवाडा कोरडा, म्हणून उन्हाळ्यात काळजी नाही असं लोक धरून चालतात. पण एप्रिलमध्ये घरात कूलर लावला की त्या खोलीतली हवा पावसाळ्यासारखी दमट होते, आणि कॅमेऱ्याचं कपाट नेमकं त्याच खोलीत असतं. शेपाचशेचा आर्द्रतामापक आणून कपाटात दोन दिवस ठेवा, आकडा बघूनच विश्वास बसेल. कॅमेरा कूलर नसलेल्या खोलीत, १०-१२ लिटरच्या हवाबंद प्लास्टिक डब्यात ठेवा, आत १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. कोरड्या दिवसांत तो ३० च्या खाली जात असेल तर जेल काढून घ्या. नारिंगी रंगाचं जेल घ्या, ओलावा धरला की ते हिरवं होतं. जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या कढईत मंद आचेवर रंग परत येईपर्यंत हलवत राहा. मोठी आच दिली तर रंग करपतो आणि नंतर काहीच कळत नाही. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते घरात मुलं असतील तर नकोच. चामड्याच्या पेटीत लेन्स ठेवू नका, चामडं ओलावा धरून ठेवतं.

बाकीचं पटकन. बॉडी आणि बॅटरी ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनलेल्या, आणि मे महिन्यात बंद गाडीतलं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं, म्हणून बॅग गाडीत सोडू नका. उन्हात उभं राहायचं असेल तर कॅमेऱ्यावर पांढरा पंचा टाका. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर बॅग वीस-तीस मिनिटं बंदच ठेवा, नाहीतर काचेवर दव धरतं. तिवई दीड किलोच्या आतली घेऊ नका, वाऱ्यात मधला दांडा वर न काढता त्याला बॅग लटकवा, आणि नदीकाठाहून आल्यावर पायांची कुलुपं उघडून धुवा. नाहीतर वाळूने पेच झिजतात. पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चकाकी आणि पानांवरचा तेलकटपणा काढतो, पण दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेड खातो, आणि १८ मिमीवर आभाळ एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकं येतं.

कार्ड १२८ जीबीचं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन घ्या. डी७२०० मध्ये दोन खोबणी आहेत, दुसरीत तोच फोटो लिहिला जाईल असं लावून ठेवा. ८०डी ला एकच खोबण, तिथे दुसरं कार्ड खिशात. बाजारात नकली कार्डं फार आहेत, वर ६४ लिहिलेलं आणि आत ८. नवं कार्ड आणलं की कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम चालवून ते काठोकाठ भरून बघा, त्यातून सुटलं तरच कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करा.